बिऱ्हाड कोणासाठी हलते?



राहण्याच्या जागेसंबंधी आज चार शब्द बोलावयाचे आम्ही पत्करले आहे. विषय वाचून काही मंडळींना असे वाटले असेल की, आज जागांचे भाव कळतील आणि कोणत्या बाजूला घर घेतले असता दहा वर्षांत पैसे दुप्पट होतील, याचीही काही माहिती मिळेल. त्यांची निराशा होणार आहे. दाराजवळ बसलेल्यांना आताही उठता येईल. आम्ही वाईट वाटून घेणार नाही. भाव सांगणारे पुष्कळ आहेत. आम्हांला विचार करावयाचा आहे तो निराळ्याच गोष्टीचा. एखादे कुटुंब 'आता येथून हलावयाचे' किंवा 'काही झाले तरी हलावयाचे नाही' असे जे ठरविते, ते घरातले कोण ठरविते, कोणाच्या गरजेपायी ठरविते, आणि त्याची किंमत कोण भरते?

आपल्या भाषेने याबाबतीत मोठा विवेक दाखविला आहे. तिने घर आणि बिऱ्हाड असे दोन शब्द केले. घर ते वाडवडिलांचे, मूळ गावचे. पोटापाण्याकरिता जेथे चूल मांडली ते बिऱ्हाड. चाळीस वर्षे गिरगावात काढलेला गृहस्थसुद्धा मे महिन्यात 'घरी जातो' म्हणे, तेव्हा तो राजापूरला नाही तर मालवणला चाललेला असे. पुण्याच्या वाड्यातून तीन पिढ्या राहिलेला माणूसही मालकाच्या दृष्टीने बिऱ्हाडकरूच. आणि 'बिऱ्हाड केले' या शब्दांना तर एक खासच अर्थ होता. अमक्याने मुंबईत बिऱ्हाड केले, म्हणजे त्याने नुसती खोली घेतली असे नव्हे. त्याने बायकोला गावाहून आणले. तोपर्यंत खोली असली तरी बिऱ्हाड नसे.

कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत आलेला माणूस प्रथम एकटा येई. परळ-लालबागच्या चाळींतून एकेका गावाने मिळून घेतलेल्या खोल्या असत. एका खोलीत पंधरा-वीस माणसे, प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी. सगळ्यांनी एकाच वेळी अंग टाकावे इतकी जागा नसे; परंतु गिरणीच्या पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे ते जमून जाई. गोव्याहून आलेल्या मंडळींचे असेच 'कूड' धोबीतलावाच्या बाजूस होते. जेवण खानावळीत, आणि खानावळ म्हणजे बहुधा त्याच चाळीतील एखाद्या बाईची चूल. (या खानावळवाल्या बायकांची सावकाराच्या हातून सुटका व्हावी म्हणून १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले.) बायको मात्र गावी. तिच्याकडे सासूसासरे, गुरे, भाताची लावणी आणि महिन्याच्या महिन्याला येणारी मनीऑर्डर.

शहरातल्या शिकलेल्या माणसाला ही रीत मागासलेली वाटते. ती तशी नव्हती. तिच्यामागे पक्का हिशेब होता. गिरणीच्या पगारात मुंबईत एका माणसाचे भागे, पाच माणसांचे भागत नसे. शिवाय गावचे घर हा त्या काळचा विमा होता. आजारपण आले, संप झाला, गिरणी बंद पडली, तर जाऊन पडावयास छप्पर आणि खावयास पेज होती. १८ जानेवारी १९८२ रोजी जो संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यांतील कितीतरी जण महिने जाऊ लागले तसे गावची वाट चालू लागले. गावची चूल विझू न देण्याचा जो निर्णय बापाने किंवा आजाने घेतलेला होता, तो तेव्हा उपयोगी पडला.

मात्र या हिशेबात एक रक्कम मांडलेली नव्हती. लग्न होऊन आलेली मुलगी नवऱ्याला गणपतीत आठ दिवस आणि शिमग्यात आठ दिवस पाही, आणि अशी दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे जात. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या; साऱ्या महाराष्ट्राचा आकडा ९२९ आहे. कोकणात मुलींचे विशेष कौतुक होते असा याचा अर्थ कोणी काढू नये. पुरुष दुसरीकडे आहेत, एवढाच याचा अर्थ. निर्णय सबंध कुटुंबाचा म्हणावयाचा, आणि तो जिने निभावला तिला विचारल्याचे कोणाच्या आठवणीत नाही.

मग बिऱ्हाड होई ते कधी? बदली कामगाराचा कायम कामगार झाला म्हणजे. किंवा खानावळीच्या जेवणाने पोट बिघडून माणूस अंथरुणाला खिळला म्हणजे. किंवा थोरला मुलगा चौथी पास झाला आणि गावात पुढची शाळा नाही असे दिसले म्हणजे. आणि पुष्कळदा, बोलावयास कठोर वाटते, पण गावी सासू वारल्यानंतर. लोकांना सांगताना 'मुलांच्या शिक्षणासाठी' असे सांगत. बिऱ्हाड हलविण्याची सांगावयाची कारणे फार थोडी आहेत आणि ती सर्व सभ्य आहेत. खरी कारणे पुष्कळ आहेत. सासवासुनांचे पटत नाही म्हणून वेगळे निघालेल्या कुटुंबाने ते मोकळेपणी कबूल केल्याचे आम्ही अजून ऐकलेले नाही. कचेरी जवळ पडते, हेच आम्हांला सांगण्यात आले आहे.

हलण्याइतकाच न हलण्याचाही निर्णय असतो, आणि तो कायद्यानेसुद्धा होतो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबई-पुण्याकडील घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० या दिवशी जी होती तेथे बांधून टाकली. हेतू चांगला होता. युद्धानंतरच्या टंचाईत गरीब भाडेकरू रस्त्यावर येऊ नये. परंतु परिणाम असा झाला की, दहा रुपये भाड्याची खोली ज्याच्या हाती आली, त्याला ती सोडणे म्हणजे वेडेपणा वाटू लागला. गरज वाढे, पण खोली वाढत नसे. तेव्हा कुटुंबच खोलीच्या मापाने वाढू लागले. दहा बाय बाराच्या खोलीत थोरल्याचे लग्न झाले की माळा घातला जाई. धाकटे गॅलरीत झोपत, म्हातारा जिन्याखाली. नव्या जोडप्याकरिता एक पडदा लावीत, आणि त्या पडद्याच्या अलीकडे सात माणसे डोळे मिटून पडत. चाळीच्या प्रेमळ शेजारधर्मावर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते खोटे नाही. त्या पडद्याविषयी मात्र कमी लिहिले गेले. इकडे घरमालकाला त्या भाड्यात कौले शेकारणेही परवडेना, म्हणून वाडे खचत चालले. पुढे १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ देऊ केली. पण मूळ रक्कमच जेथे पंधरा रुपये, तेथे चार टक्क्यांचे काय होते हे आपण मनातल्या मनात काढू शकाल.

आपल्या पुण्याचेच पाहा. पेठेतला माणूस पेठ सोडीत नसे. नदीपलीकडे राहावयास जाणे त्याला परगावी गेल्यासारखे वाटे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील वाडे एका दिवसात गेले. जे लोक वादविवादाने, आग्रहाने, पैशानेही हलले नसते, ते गोखलेनगरला, लोकमान्यनगरला, सहकारनगरला गेले. त्या वेळी त्यांनी जे सोसले त्याला सीमा नाही, आणि आपत्तीचे गुण गाण्याची आमची मुळीच इच्छा नाही. परंतु त्या वसाहतींतून वाढलेल्या पिढीला विचारले तर ती सांगते की, आम्हांला अभ्यासाला वेगळी जागा प्रथम तेथे मिळाली. वाड्यात राहिलेल्यांना ती आणखी वीस वर्षे मिळाली नाही.

यानंतरचा मोठा फरक घडविला तो कर्जाने. पूर्वी 'घर पाहावे बांधून' ही म्हण आचरणात यावयाची ती प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम हाती आल्यावर. म्हणजे वय अठ्ठावन्न. मुले दोन खोल्यांत दाटीवाटीने वाढली, परीक्षा देऊन, लग्ने होऊन बाहेर पडली, आणि मग चार खोल्यांचा बंगला उभा राहिला. त्यात दोन म्हातारी माणसे. १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी गृहकर्जाकरिता एचडीएफसी ही संस्था काढली (ती २०२३ मध्ये आपल्याच नावाच्या बँकेत विलीन झाली). तिच्यामागून इतरही संस्था आल्या आणि पगारदार माणसाला तिशीच्या आत कर्ज मिळू लागले. त्यामुळे दाटी कमी झाली हे खरे. पण पूर्वीचे घर गरज सरल्यावर येत असे, ते आता गरज कळण्यापूर्वी येऊ लागले. अठ्ठाविसाव्या वर्षी माणसाला आपल्याला मुले किती होतील, बायको नोकरी कोठे करील, आईवडील कोणाकडे राहतील, यांपैकी काही ठाऊक नसते. हप्ते मात्र वीस वर्षांचे ठरलेले असतात. एवढ्या लांबच्या मुदतीचे दुसरे वचन मनुष्य फक्त लग्नात देतो.

आणि ही घरे मिळाली कोठे? जेथे परवडली तेथे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची वस्ती सुमारे ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आली. त्याच काळात ठाणे जिल्ह्याची (पालघर तेव्हा त्यातच होते) सुमारे ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. गिरगाव, दादर, परळ येथील माणसे डोंबिवली, बदलापूर, विरार येथे गेली, असा त्याचा एक मोठा भाग आहे. जाताना त्यांनी खोल्यांची संख्या मोजली, चौरस फूट मोजले, हप्ता मोजला. वेळ मोजला नाही. बदलापूर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटर आहे. घराच्या दारापासून कचेरीच्या दारापर्यंत दोन तास धरा. जाऊन येऊन चार. वर्षाचे कामाचे दिवस २८०. म्हणजे ११२० तास. दिवसरात्र मिळून ४६ दिवसांच्या वर. पंचवीस वर्षांच्या नोकरीत तीन वर्षांहून अधिक काळ मनुष्य गाडीत उभा असतो. तीन वर्षे उभे राहण्याची शिक्षा कोणत्याही न्यायालयाने सांगितली तर आपण वर अपील करू.

पुरुषाची ही गोष्ट झाली. त्याच डब्यापुढच्या बायकांच्या डब्यात संध्याकाळी मांडीवर पिशवी घेऊन भाजी निवडणाऱ्या, शेंगा सोलणाऱ्या स्त्रिया ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना अधिक सांगावयास नको. त्या घराची तिसरी खोली कोणाच्या वेळातून बांधली गेली, ते तेथे दिसते. अलीकडे घरे स्त्रियांच्या नावे होऊ लागली आहेत हे चांगले आहे. महाराष्ट्र सरकारने १ एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या नावाने घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली. काही गृहस्थांनी केवळ त्या एक टक्क्यासाठी पत्नीचे नाव घातले, असे कोणी म्हणेल. असेना का, नाव तर लागले. दस्तावर सही करताना तिला 'शाळा केवढ्या अंतरावर आहे, पाणी किती वाजता येते' हे विचारावयास संधी मिळाली, तरी पुष्कळ झाले.

शाळेचे नाव निघाले म्हणून जाता जाता सांगतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याखाली खाजगी शाळांतून पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांकरिता ठेवल्या आहेत, आणि आपल्याकडे प्रवेश देताना शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलाला अग्रक्रम मिळत आला आहे. त्या एका किलोमीटरसाठी खोली बदलणारी रिक्षावाल्यांची, घरकाम करणाऱ्या बायांची कुटुंबे आहेत. भाडे करारनाम्याचा खर्च सोसून, मुलाचे नाव सोडतीत निघेल या आशेवर ती हलतात. मध्यमवर्ग ज्या विचाराचा एवढा अभिमान बाळगतो, तो त्यांनी अधिक अडचणीत राहून केलेला असतो. आणि भाड्याने राहण्याला आपण जी नाके मुरडतो, त्याबद्दलही त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. गरज बदलणारी आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याने काही वर्षे भाड्याने राहणे यात कमीपणा कसला?

आता आम्ही आजच्या विषयाच्या ज्या भागाकडे येतो, त्याच्यासाठीच खरे म्हणजे येथे उभे राहिलो. तो भाग वृद्ध मंडळींचा आहे, आणि समोर पाहिले तर श्रोत्यांतही त्यांचीच संख्या अधिक दिसते.

वृद्धांनी कोठे राहावे याचा निर्णय आपल्या समाजात बहुधा तेरा दिवसांत होतो. दोघांपैकी एक जण जातो. मुले जमतात, कोणी बंगळूरहून, कोणी परदेशातून. एरवी दहा वर्षांत ही भावंडे एका छपराखाली आलेली नसतात. दहाव्यापर्यंत कोणी विषय काढीत नाही. अकराव्याला किंवा बाराव्याला थोरली सून हळूच म्हणते, 'आता आईंना येथे एकटे कसे ठेवायचे?' तेराव्याचे जेवण होते, चौदाव्या दिवशीची तिकिटे काढलेली असतात, आणि मधल्या एका दुपारी, जिच्या आयुष्याचा प्रश्न आहे ती आत पडलेली असताना, बाहेरच्या खोलीत निर्णय होतो. त्या मुलांचे प्रेम खोटे नसते हे आम्ही आवर्जून सांगतो. वेळ चुकीची असते. ज्या बाईने पंधरा दिवसांपूर्वी पन्नास वर्षांचा सोबती गमावला, तिच्याकडून पुढच्या आठवड्यात घर, गल्ली आणि शेजारही काढून घेतला जातो, आणि याला आपण आधार देणे म्हणतो.

अशीच नारायण पेठेतून वाकडला मुलाच्या दहाव्या मजल्यावर गेलेली एक वृद्ध बाई आमच्या माहितीची आहे. मुलगा चांगला, सून चांगली. उद्वाहन आहे, चोवीस तास पाणी आहे. तरी बाई खंगत चालल्या. 'आई, तुला येथे काय कमी आहे?' असे मुलाने विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, 'कमी काही नाही रे. पण इथे मला काहीच येत नाही.' या उत्तराचा आम्ही पुष्कळ विचार केला. पेठेत या बाई निवृत्तिवेतन बँकेतून स्वतः आणीत, मंडईत भाव करीत, डॉक्टरांकडे चालत जात, शेजारच्या मुलीला चकली शिकवीत. त्यांचे डोळे अधू होते, पण गल्लीतला खड्डा पायाला ठाऊक होता. वाकडला रस्ता सहा पदरी. ओलांडावयाचा तर कोणीतरी सोबत हवे. अंगातली शक्ती तीच होती. ती वापरावयाची जागा गेली होती. माणसाला जे 'येते' त्यातले निम्मे त्याच्या अंगात असते आणि निम्मे त्याच्या गल्लीत, हे तरुणपणी कळत नाही, कारण तेव्हा नवी गल्ली शिकावयास वेळ लागत नाही.

म्हणून आमचे मत असे आहे की, हलावयाचे असेल तर साठीच्या आसपास, दोघेही धडधाकट असताना हलावे. म्हणजे नवा शेजार जोडावयास, नवा वाणी आणि नवा डॉक्टर पारखावयास दहा वर्षे मिळतात. ऐंशीव्या वर्षी हलविणे हे हलणे नव्हे, ते उचलून नेणे आहे. कोणी म्हणेल, साठाव्या वर्षी कोण घर सोडतो? खरे आहे. तेव्हा गुडघे ठीक असतात, आणि ठीक असलेल्या गुडघ्याला तिसऱ्या मजल्याचा जिना दिसत नाही. पुण्यात साठ-सत्तरच्या दशकांत बांधलेल्या कितीतरी इमारती उद्वाहनावाचूनच्या आहेत. त्यांच्या वरच्या मजल्यांवर अशी माणसे आज अक्षरशः कोंडलेली आहेत.

पुनर्विकासाने हा प्रश्न सुटेल असे सांगतात, आणि काही अंशी सुटतोही. मुंबईच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या. तेथील १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर द्यावयाचे ठरले आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या काही शे कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. घरात संडास आला, स्वयंपाकघर वेगळे झाले. शंभर वर्षांनी का होईना, तो पडदा गेला. याचा ज्याला आनंद होणार नाही त्याने चाळीचे गोडवे गाऊ नयेत. परंतु नव्या इमारतीत देखभालीचा खर्च महिन्याच्या महिन्याला यावयाचा, दारे लावलेली असावयाची, आणि म्हाताऱ्यांना बसावयास ती लांबच लांब गॅलरी नसावयाची. नकाशा काढणाऱ्याने प्रत्येक मजल्यावर चार माणसे टेकू शकतील असा एक कट्टा काढला, तर त्याला फार तर तीस चौरस फूट लागतील. तेवढे मागून घ्यावेत. पाहणी करताना आपण संगमरवरी लादी हाताने चाचपून पाहतो. कट्टा आहे का, हे विचारीत नाही.

पुनर्विकासाला दहा-बारा वर्षे लागतात, आणि तोपर्यंत माणसे तिसऱ्या मजल्यावरच असतात. आमच्या पाहण्यातील एका सोसायटीत दोन कुटुंबांनी यावर जो तोडगा काढला तो सांगून आम्ही थांबतो. तळमजल्यावर एक तरुण जोडपे होते. त्यांना रस्त्याच्या आवाजाचा आणि डासांचा त्रास. वर तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक, पत्नीसह. दोन वर्षांत ते दवाखान्यापुरते सहा वेळा खाली उतरले होते. दोन्ही घरे सारख्याच मापाची. कोणीच काही विकले नाही. एकमेकांना सारख्याच भाड्याचे करारनामे करून दिले, रीतसर नोंदविले, आणि घरे बदलली. कार्यवाहांनी आक्षेप घेतला की, वहीत हे कोणत्या सदरात लिहावयाचे? शेवटी त्यांनी 'इतर' मध्ये लिहिले. सामान आणावयास एक सकाळ लागली. दूधवाला, वर्तमानपत्रवाला आणि देवळाची वाट तीच राहिली. शिक्षकांच्या पत्नींनी पहिल्याच आठवड्यात फाटकाजवळ तुळस लावली, आणि आता सकाळी साडेसहाला दूध घ्यावयास शिक्षक स्वतः जातात. देखभालीचे बिल मात्र अजूनही चुकून तिसऱ्या मजल्यावरच टाकले जाते, आणि ते घेऊन वरचा तरुण खाली येतो, तो चहा झाल्याखेरीज परत जात नाही.